रिकिइशीची उंची : क्रीडाचित्रमालिकांतील सातत्यभंगाचा विचार

लोकप्रिय चित्रमालिकांतील चुका हुडकून काढणे हा त्यांच्या चाहत्यांचा एक आवडता उद्योग आहे. आधीच्या दृश्यात डाव्या मनगटावर असलेली पट्टी पुढच्या दृश्यात उजव्या मनगटावर गेली, घामाने भिजलेला सदरा क्षणार्धात कोरडा झाला, मैदानात अकराऐवजी बारा खेळाडू दिसले, अशा नोंदींच्या याद्या हौसेने केल्या जातात आणि तितक्याच हौसेने वाचल्या जातात. साहित्यसमीक्षेने या उद्योगाची फारशी दखल घेतलेली नाही. कलाकृतीचे मर्म अशा किरकोळ तपशिलांत नसते, हा त्यामागचा विचार वरवर पाहता रास्त वाटतो. पण याद्या करणारा चाहता आणि याद्यांकडे पाठ फिरवणारा समीक्षक हे दोघेही एकच गोष्ट गृहीत धरून चालतात : चूक ही कलाकृतीच्या बाहेरची, तिला येऊन चिकटलेली अशी काही वस्तू आहे. एक ती वेचतो, दुसरा ती झटकतो. चूक कलाकृतीच्या आत शिरून तेथे काही घडवीत असेल, ही शक्यता दोघांच्याही हिशेबात नाही. जपानी क्रीडाचित्रमालिकांच्या बाबतीत ही शक्यता गंभीरपणे घ्यावी लागते. कारण तेथे निदान एका प्रसंगी तरी चित्रकाराच्या हातून झालेल्या चुकीने एका पात्राचा जीव घेतलेला आहे.

हा विचार क्रीडाकथेच्याच संदर्भात करण्याला कारण आहे. परीकथेतल्या राजवाड्याला किती खिडक्या आहेत, हे कोणी मोजत नाही. गुप्तहेरकथेत वाचक मोजतो, पण तेथे काय मोजायचे हे लेखक ठरवतो. क्रीडेचे तसे नाही. क्रीडा ही मुळातच मोजमापाची व्यवस्था आहे. गुण, घड्याळ, मैदानावरच्या रेषा, मुष्टियोद्ध्याचे वजन ही सारी मापे कथेच्या आधीपासून अस्तित्वात असतात आणि वाचकाला ती लेखकाइतकीच, कित्येकदा लेखकाहून अधिक, ठाऊक असतात. क्रीडाकथेचा उत्कर्षबिंदू या मापांवरच उभा असतो. शेवटच्या सेकंदाला झालेला गोल थरारक वाटतो तो सेकंद खरा आहे असे मानले तरच. तेव्हा अन्य प्रकारच्या कथेत जी चूक केवळ अनवधान ठरेल, ती क्रीडाकथेत वाचकाशी केलेल्या कराराचा भंग ठरण्याचा संभव असतो.

दोषाचा विचार आपल्या काव्यशास्त्राला नवा नाही. विश्वनाथाने दोषाची व्याख्याच रसाला उणेपणा आणणारी गोष्ट अशी केली आहे. म्हणजे जे रसाला बाधत नाही ते शास्त्रदृष्ट्या चुकीचे असले तरी काव्यदृष्ट्या दोष ठरेलच असे नाही. आनंदवर्धनाने याहून सूक्ष्म भेद केला. कवीच्या अव्युत्पत्तीमुळे, म्हणजे जाणकारीच्या अभावामुळे, आलेला दोष त्याच्या प्रतिभाशक्तीने झाकला जातो. शक्तीच्याच अभावामुळे आलेला दोष मात्र तत्काळ नजरेत भरतो, असे तो म्हणतो आणि उदाहरण देतो ते ‘कुमारसंभवा’तील शिवपार्वतींच्या शृंगाराचे. अ‍ॅरिस्टॉटलनेही ‘काव्यशास्त्रा’च्या पंचविसाव्या प्रकरणात जवळजवळ हाच भेद केला आहे. घोड्याचे दोन्ही उजवे पाय एकाच वेळी पुढे पडलेले दाखवणे ही अश्वविद्येतली चूक झाली, काव्यकलेतली नव्हे. आणि हरिणीला शिंगे नसतात हे ठाऊक नसणे यापेक्षा तिचे चित्र निर्जीव काढणे हा मोठा अपराध. गंमत अशी की धावणाऱ्या घोड्याचे हे उदाहरण चलच्चित्राच्या समीक्षेसाठीच योजले असावे असे वाटते.

परंतु ही दोन्ही विवेचने एका गोष्टीवर विसंबून आहेत. त्यांच्या डोळ्यांपुढे एक कवी आणि एक पूर्ण झालेली कृती आहे. साप्ताहिक चित्रकथा आणि तिच्यावरून तयार होणारी दूरचित्रवाणी मालिका यांत दोन्ही नसते. तेथे लेखक एक, चित्रकार दुसरा, दिग्दर्शक तिसरा आणि रेखाटने करणारे हात शेकडो. शिवाय कृतीचा पहिला भाग वाचकाच्या हाती पडतो तेव्हा शेवट कोणालाच माहीत नसतो. एकदा छापले गेलेले पान मागे घेता येत नाही. झालेली चूक खोडता येत नसल्याने तिच्यासकट पुढे जावे लागते. प्राचीन काव्यशास्त्रात दोष झाकला जातो किंवा उघडा पडतो. तो फेडताही येतो, ही तिसरी शक्यता तेथे उद्भवतच नाही.

हातचुकांचे प्रकरण चटकन आटोपता येईल. ओसामु तेझुका यांच्या मुशी प्रॉडक्शनने 1 जानेवारी 1963 पासून ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ ही मालिका दूरचित्रवाणीवर आणली तेव्हा दर आठवड्याला अर्ध्या तासाचा भाग पुरवण्यासाठी काटकसरीचे एक तंत्रच उभे करावे लागले. एकच चित्र अधिक काळ पडद्यावर स्थिर ठेवायचे, फक्त ओठ किंवा हात हलवायचा, आणि एकदा काढलेली दृश्ये जपून ठेवून पुन्हा पुन्हा वापरायची. या जपून ठेवलेल्या साठ्याला तेथे ‘बँक’ असेच म्हणतात. क्रीडामालिकांत धावणे, उडी मारणे, चेंडू फेकणे या हालचाली सतत लागत असल्यामुळे हा साठा त्यांना फार उपयोगी पडला आणि तोच त्यांच्या बहुसंख्य हातचुकांचे उगमस्थानही ठरला. जुने दृश्य नव्या सामन्यात आले की त्याच्यासोबत जुना सदरा, जुनी जखम, जुने प्रेक्षागृहही येते. अशा चुका रसाला फारशा बाधत नाहीत. त्यांची यादी करणाऱ्याला त्या काळच्या कामगारांचे कष्ट दिसतील, एवढेच तिचे मोल. कलाविचाराला त्या फार दूर नेत नाहीत.

काळाच्या चुका मात्र वेगळ्या जातीच्या आहेत. इक्की काजिवारा यांनी लिहिलेली व नोबोरू कावासाकी यांनी चितारलेली ‘क्योजिन नो होशी’ (जायंट्सचा तारा) ही बेसबॉलकथा 1966 पासून ‘शोनेन मॅगझिन’ या साप्ताहिकात येऊ लागली आणि 30 मार्च 1968 ला तिची दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली. ती 182 भाग चालली. मालिका साप्ताहिकाला गाठू लागली की कथा ताणण्यावाचून गत्यंतर नसे. होशी ह्युमा हात उचलतो, त्याच्या डोळ्यांत ज्वाळा पेटतात, बाप आठवतो, बहीण आठवते, प्रतिस्पर्धी मनाशी तर्क करतो, प्रेक्षागृहात कोणी सुस्कारा टाकतो, आणि एवढे सारे होऊन गेल्यावर चेंडू हातातून सुटतो. तरीही येथे चूक झाली असे सिद्ध करता येत नाही. बेसबॉलला घड्याळ नाही. फेकीला किती वेळ लागला हे खेळाच्या निकालात कोठेही मोजले जात नाही. मराठी वाचकाला, आणि विशेषतः कीर्तन ऐकलेल्या श्रोत्याला, हा काळाचा विस्तार परका वाटण्याचे कारण नाही. दोन सैन्ये शस्त्रे उगारून उभी असताना सातशे श्लोकांचा संवाद होतो आणि त्यात कोणाला विसंगती दिसत नाही. उलट, जेथे महाभारतात घड्याळ खरोखर लावलेले आहे, म्हणजे जयद्रथाला सूर्यास्तापूर्वी मारण्याची प्रतिज्ञा आहे, तेथे काळाशी केलेल्या खेळाचा हिशेब कथेलाच द्यावा लागतो. सूर्य झाकावा लागतो, आणि तो कोणी झाकला हेही सांगावे लागते.

फुटबॉलला घड्याळ आहे, मैदानाला मापही आहे. योइची ताकाहाशी यांच्या ‘कॅप्टन त्सुबासा’ची मालिका 13 ऑक्टोबर 1983 पासून 128 भाग चालली आणि तिच्यातले मैदान जगभरच्या थट्टेचा विषय झाले. त्सुबासा चेंडू घेऊन धावू लागतो तेव्हा समोरचा गोल क्षितिजाखाली असतो. पृथ्वीची वक्रता पार करून तो हळूहळू वर येतो. धावता धावता संपूर्ण बालपण आठवून होते. प्रौढांचे मैदानसुद्धा 120 मीटरहून लांब असू शकत नाही. धडधाकट मुलगा ते वीस सेकंदांच्या आत पार करील. ही विसंगती इतकी उघड आहे की ती चूक म्हणून दाखवणाऱ्याचाच भाबडेपणा प्रकट व्हावा. येथे मैदानाची लांबी मीटरमध्ये नसून निर्धाराच्या प्रमाणात आहे, असा संकेत मालिका पहिल्या काही भागांतच रुजवते. एक गोष्ट मात्र लक्षात घेण्याजोगी आहे. मैदान लवचीक आहे, पण गुणफलक तसा नाही. माध्यमिक शाळांच्या स्पर्धेतील नानकात्सु विरुद्ध तोहो हा अंतिम सामना 4-4 असा बरोबरीत सुटतो आणि दोन्ही संघ संयुक्त विजेते ठरतात. आठही गोलांचा जमाखर्च कथा चोख ठेवते. संकेत कितीही सैल केला तरी कोठेतरी एक माप अढळ ठेवावे लागते, नाहीतर खेळच उरत नाही, याची ही अजाणता दिलेली कबुली आहे. त्याच मालिकेत ताचिबाना जुळ्यांपैकी एक जमिनीवर पाठ टेकतो आणि दुसरा त्याच्या तळव्यांवरून आकाशात झेप घेतो. पंच ते निमूटपणे पाहतो. हा नियमांचा प्रश्न झाला. संकेताची मर्यादा येथे ओलांडली गेली असे म्हणण्यास जागा आहे, कारण लांबलेले मैदान दोन्ही संघांना सारखेच लांबते, तर आंधळा झालेला पंच एकाच बाजूच्या उपयोगी पडतो.

ताकेहिको इनोउए यांची ‘स्लॅम डंक’ ही बास्केटबॉलकथा (1990 ते 1996, 31 खंड) या संकेताशी जाणीवपूर्वक फटकून वागते. इनोउए स्वतः शाळेत असताना हा खेळ खेळलेले. त्यांच्या पानांवर घड्याळ दिसते, फलक दिसतो, नायक साकुरागी हानामिचीचे वैयक्तिक फाऊल मोजले जातात आणि पाच झाले की त्याला बाहेर बसावे लागते. आरंभीच्या सामन्यांत तो असा वारंवार बाहेर बसतो. शोहोकु संघाच्या सामन्यांचे निकाल, र्‍योनानशी सरावाच्या सामन्यात 86-87, शोयोशी 62-60, काइनानशी 88-90, कोठल्याही क्रीडावार्तेत शोभावेत असे आहेत. पण हीच कथा दूरचित्रवाणीवर आली (16 ऑक्टोबर 1993 ते 23 मार्च 1996, 101 भाग) तेव्हा तिला साप्ताहिकाच्या मागे रेंगाळत चालणे भाग पडले. मग चेंडू हवेत असताना राखीव खेळाडू आपापसांत चर्चा करू लागले आणि शेवटचे दहा सेकंद कित्येक मिनिटे पुरू लागले. ‘त्सुबासा’त जे सहज खपले ते येथे खटकते. खटकण्याचे कारण वास्तवाशी असलेली विसंगती हे नाही. वास्तवाशी विसंगती दोन्हीकडे सारखीच आहे. ‘स्लॅम डंक’ने स्वतःच भिंतीवर घड्याळ टांगले आणि मग त्याच्याकडे पाठ केली, हे कारण आहे. दोष ठरवण्याची कसोटी कृतीबाहेर शोधायची नसते. कृतीने स्वतःला कोणत्या मापाने बांधून घेतले, यावर ती अवलंबून असते.

इनोउए यांनी स्वतः लिहून दिग्दर्शित केलेला ‘द फर्स्ट स्लॅम डंक’ हा चित्रपट 3 डिसेंबर 2022 ला जपानमध्ये प्रदर्शित झाला. मालिका जेथवर पोचलीच नव्हती तो सान्नोविरुद्धचा 79-78 असा सुटलेला सामना त्यात आहे. खेळाचे नियम मधल्या काळात बदलले. 2022 च्या प्रेक्षकाला दहा मिनिटांचे चार भाग परिचित होते. चित्रपट मात्र वीस मिनिटांच्या दोन भागांनाच धरून राहतो. शेवटचे क्षण जवळजवळ निःशब्द आहेत आणि तेथे पडद्यावरचा सेकंद घड्याळातल्या सेकंदाच्या फार जवळ येतो. टांगलेल्या घड्याळाकडे वळून पाहण्यास सव्वीस वर्षे लागली, असे म्हणावयास हरकत नाही. याच चित्रपटात मियागी र्‍योता आणि मित्सुई यांची शाळकरी वयातली एक भेट दाखवली आहे, जिचा मूळ कथेत मागमूस नाही. चाहत्यांच्या याद्यांत ही भेट विसंगती म्हणून नोंदली जाणारच. पण मूळ कथेत त्या दोघांमधील वैराला जो काहीसा अतिरेकी कडवटपणा होता त्याला ती मागाहून कारण पुरवते, आणि म्हणून तिला चूक म्हणण्यापेक्षा उशिरा केलेली भरपाई म्हणणे अधिक योग्य होईल.

भरपाईची ही कल्पना काजिवारांच्या लेखनात अधिक कठोर रूपात आढळते. ‘क्योजिन नो होशी’त लहानपणापासून बापाने घडवलेला, अंगावर स्प्रिंगांचा सांगाडा बांधून वाढवलेला ह्युमा अजिंक्य वाटू लागतो, आणि मग अचानक कळते की लहान चणीमुळे त्याचा चेंडू ‘हलका’ आहे : फटका बसला की दूरवर जातो. बेसबॉलच्या चेंडूचे वजन पाच ते सव्वापाच औंस असे नियमाने ठरलेले आहे. तो हलका असण्याला पदार्थविज्ञानात अर्थ नाही. आधीच्या भागांत या वैगुण्याची चाहूलही लागत नाही, त्यामुळे ही मागाहून केलेली सोय आहे हे उघड आहे. पण काजिवारा या सोयीचा पुरेपूर मोबदला घेतात. हलक्या चेंडूवर उपाय म्हणून ह्युमा एकापाठोपाठ एक तीन जादूई फेकी शोधतो आणि तिसरी त्याचा डावा हात कायमचा निकामी करते. लेखकाची सोय पात्राच्या हाडांतून वसूल होते. 2012 च्या डिसेंबरात या कथेचे भारतीय रूपांतर ‘सूरज : द रायझिंग स्टार’ या नावाने कलर्स वाहिनीवर आले. बेसबॉलच्या जागी क्रिकेट, तोक्योच्या जागी मुंबई, वस्ती झोपडपट्टीची. स्प्रिंगांचा सांगाडा मुलाचा छळ वाटेल म्हणून त्याऐवजी सायकलच्या ट्यूब वापरल्या गेल्या. हा बदल समजण्यासारखा आहे. पण ट्यूब गरिबीची खूण होते, छळाची होत नाही. मूळ कथेत शरीरावर लिहिले गेलेले कर्ज येथे पुष्कळसे माफ झाले.

कर्ज पूर्णपणे फेडले गेले ते ‘आशिता नो जो’ (उद्याचा जो) या मुष्टियुद्धकथेत. लेखक काजिवाराच, पण येथे आसाओ ताकामोरी या नावाने. चित्रकार तेत्सुया चिबा. 1968 पासून 1973 पर्यंत ती ‘शोनेन मॅगझिन’मध्ये आली. उनाड याबुकी जो बालसुधारगृहात जातो, डुकरांचा कळप उधळून पळून जाऊ पाहतो, आणि त्याची वाट अडवायला एक जण उभा राहतो : रिकिइशी तोरू, पूर्वीचा व्यावसायिक मुष्टियोद्धा. तो जोपेक्षा चांगलाच उंच आणि भरदार आहे. हाच माणूस पुढे व्यावसायिक आखाड्यात जोचा प्रतिस्पर्धी होणार आहे, याची चिबांना तेव्हा कल्पना नव्हती, हे त्यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे. अडवणारा माणूस दांडगा असावा, एवढ्याच विचाराने त्यांनी तो तसा रेखाटला. सुधारगृहात वजनगट नसतात, तेव्हा तेथली झुंज निभावून गेली. बाहेर आल्यावर मात्र खेळाचा नियम आड आला. जो बँटमवेट, म्हणजे 118 पौंडांच्या, सुमारे साडेत्रेपन्न किलोंच्या आतला. रिकिइशी काढला गेला होता तसा त्या गटात बसणेच शक्य नव्हते. पान छापून गेले होते. लाखो वाचकांच्या डोळ्यांसमोर ती उंची पक्की झाली होती.

येथे तीन वाटा होत्या. वाचकाच्या विस्मृतीवर भरवसा ठेवून रिकिइशीला हळूहळू लहान काढत जाणे ही पहिली. ‘त्सुबासा’तील पात्रांची उंची आणि पायांची लांबी ज्या बेफिकिरीने बदलत राहते ते पाहता ही वाट अशक्य होती असे नाही. जोला वरच्या गटात नेणे ही दुसरी. लेखक-चित्रकारांनी तिसरी निवडली : रिकिइशीचे शरीरच झिजवून खाली आणायचे. त्याने अन्न सोडले, मग पाणी. त्याचे गाल बसत गेले, डोळे खोल गेले. व्यायामशाळेतल्या नळांना तारा आवळून टाकल्या गेल्या आणि तहानेने वेडावलेला हा माणूस रात्री त्या नळांशी झटत राहिला. शिराकी योको कोमट पाण्याचा पेला पुढे करते, आणि तो ते पाणी जमिनीवर ओतून देतो. ही पाने काढताना चिबा एका अर्थी आपलीच जुनी रेघ रबराने पुसत होते, पण रबराची जागा उपासाने घेतली होती. रिकिइशी आठव्या फेरीत जोला लोळवतो, सामना जिंकतो, हस्तांदोलनासाठी हात पुढे करतो आणि कोसळतो. कानशिलावर बसलेला ठोसा, पडताना दोरावर आपटलेले डोके आणि आधीच क्षीण झालेले शरीर अशी मृत्यूची कारणे कथेत येतात. त्यांच्याही आधीचे कारण म्हणजे सुधारगृहातील ते एक रेखाटन. 24 मार्च 1970 ला तोक्योत कोदान्शा प्रकाशनाच्या इमारतीत कवी-नाटककार शुजी तेरायामा यांच्या पुढाकाराने या काल्पनिक पात्राचा अंत्यविधी झाला आणि सुमारे सातशे माणसे त्याला आली. ज्या पात्राने आपल्या निर्मात्यांची चूक स्वतःच्या शरीराने फेडली, त्याला वाचकांनी देहधारी मानावे, यात नवल नाही.

यावर आक्षेप घेता येईल. चित्रकाराला काय ठाऊक होते आणि काय नव्हते हा चरित्राचा भाग झाला. समीक्षेने संहितेपुरते पाहावे. हा आक्षेप तत्त्वतः मान्य करूनही येथे तो लागू पडत नाही, कारण विसंगती संहितेतच आहे. चिबांनी काहीही सांगितले नसते तरी पहिल्या भेटीतला रिकिइशी आणि वजनकाट्यावरचा रिकिइशी ही दोन चित्रे वाचकाच्या समोर होतीच, आणि त्यांच्यामधल्या किलोंचा हिशेब कथेने स्वतः मांडला आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कर्ज खरोखर फिटले का? ज्याच्यापुढे यशाचा मार्ग मोकळा आहे अशा मुष्टियोद्ध्याने एका नवख्या पोरासाठी स्वतःला असे झिजवावे, याला खेळाच्या तर्कात उत्तर नाही. योको ते विचारतेही. कथेकडे असलेले उत्तर केवळ स्वभावाचे आहे : सुधारगृहात अपुरी राहिलेली झुंज रिकिइशीला त्याच माणसाशी पुरी करावयाची आहे. क्रीडाकथा म्हणून हा दुवा कच्चाच राहतो. मात्र आनंदवर्धनाचा भेद येथे लावून पाहिला तर तो पुरेसा पडत नाही, असे दिसते. चूक अव्युत्पत्तीची होती, पण शक्तीने ती झाकली नाही. ती वाचकाच्या डोळ्यांसमोर, दर आठवड्याला थोडी थोडी, उघडी केली.

दूरचित्रवाणी मालिकेने या प्रकरणाला एक वेगळेच वळण दिले. मुशी प्रॉडक्शनची, सव्विशीतल्या ओसामु देझाकी यांनी दिग्दर्शित केलेली ‘आशिता नो जो’ 1 एप्रिल 1970 ला सुरू झाली, म्हणजे अंत्यविधीनंतर अवघ्या आठ दिवसांनी. मालिकेत सुधारगृहाचे भाग रेखाटले गेले तेव्हा रिकिइशी कोण आहे, त्याला कोणत्या गटात उतरावयाचे आहे आणि त्याचा शेवट काय, हे साऱ्यांना माहीत होते. त्याची उंची दुरुस्त करून घेणे आता सहज शक्य होते. ती केली गेली नाही. मालिकेतला रिकिइशीही जोवर सावली पाडील असाच उंच आहे. चित्रकथेत जी अनवधानाने ओढलेली रेघ होती, तीच मालिकेत जाणून ओढलेली झाली. रेघ तीच, पण एकदा परिणाम ठाऊक असताना गिरवल्यावर तिला चूक म्हणता येणार नाही. मरणाची आगाऊ दिलेली सूचना, असेच तिचे स्वरूप आता झाले आहे. प्रेक्षकांपैकी ज्यांनी साप्ताहिक वाचले होते त्यांना ती उंची पाहताना काय वाटले असेल, याचा अंदाज करणे कठीण नाही.

देझाकींच्याच शैलीत सातत्यभंगाचा आणखी एक प्रकार आहे, ज्याची नोंद येथे करावयास हवी. निर्णायक ठोसा ते तीनदा दाखवतात. एकच हालचाल लागोपाठ तीन वेळा पडद्यावरून जाते. ठोसे मोजणारा प्रेक्षक बुचकळ्यात पडतो : एक बसला की तीन? साठ्यातली दृश्ये पुन्हा वापरण्याच्या काटकसरीशी हे तंत्र बाहेरून मिळतेजुळते आहे. पण काटकसर पुनरावृत्ती लपवते, देझाकी ती पुढे करतात. मार खाणाऱ्याला आपल्याला किती ठोसे बसले हे कधीच नीट सांगता येत नाही, ही गोष्ट त्या तिहेरी दृश्यात आहे, आणि ती कोणत्याही अचूक गणनेत आली नसती.

पहिली मालिका 29 सप्टेंबर 1971 ला 79 भागांवर थांबली तेव्हा ती कार्लोस रिवेराशी झालेल्या झुंजीपर्यंत पोचली होती; चित्रकथा अजून चालूच होती. 13 ऑक्टोबर 1980 ला सुरू झालेली ‘आशिता नो जो 2’ ही देझाकींचीच 47 भागांची मालिका तेथून पुढे जात नाही. ती रिकिइशीच्या मृत्यूनंतरच्या काळापासून आरंभ करते, आणि जो कार्लोसला नव्याने भेटतो. दोन मालिका सलग पाहणाऱ्याला एकच झुंज दोनदा सोसावी लागते. याचे समर्थन व्यवहाराच्या आधारे करता येईल. नऊ वर्षांनी नवा प्रेक्षक आला होता, चित्रणाचे तंत्रही पुष्कळ सुधारले होते. दुसऱ्या मालिकेचे रंग आणि छाया पहिलीहून उघडच सरस आहेत. पण या सातत्यभंगाचा कोणताही हिशेब कथेच्या आत दिलेला नाही आणि त्याची एक किंमत पडली आहे. कथेच्या उत्तरार्धात जोचे शरीर वाढू लागते. तो तरुण आहे, उंची वाढते, बँटमवेटची मर्यादा त्याला जाचू लागते. प्रशिक्षक तांगे दानपेइ त्याला वरच्या गटात जाण्याचा आग्रह करतो. जो नकार देतो, आणि ज्या गटात यायला रिकिइशीने स्वतःला झिजवले तो गट सोडणार नाही म्हणून तोही अन्नपाणी तोडून वजनकाट्यावर चढतो. पहिल्या मालिकेतून आलेल्या प्रेक्षकाला या नकाराच्या मागे सुधारगृहातला तो उंच माणूस उभा दिसतो आणि किलोंचे ते अंतर आठवते. दुसऱ्या मालिकेपासून आरंभ करणाऱ्याला मृत मित्राची आठवण दिसते, वजनकाटा दिसतो, पण रिकिइशी मुळात किती उंच होता हे त्याने पाहिलेले नसते.